उंदीर चालतो, मग दादा कधी?

केंटकीतल्या ज्या मंडळींना गाडी जोरात हाणल्याबद्दल कधी ना कधी पोलिसाची पावती मिळालेली आहे, त्यांनी यंदाचं हे सदर मान ताठ ठेवून वाचावं. नावं मी घेत नाही. ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपोआप निघतात. पण त्या पैशांचं पुढे काय होतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९९४ साली या राज्याने कायदा करून एक निधी उभारला. मज्जारज्जू आणि डोक्याच्या दुखापतींवर जे संशोधन चालतं त्याला द्यायचा हा निधी, आणि त्यात पैसे यायचे ते वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांकडून. ते पैसे लुईव्हिल आणि लेक्झिंग्टन इथल्या दोन विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांना मिळतात. हिशेब सरळ आहे. वेगाने माणसं मोडतात, तर त्यांच्या उपचाराचा शोधही वेगाच्याच खिशातून लागू दे. न्यू यॉर्कने १९९८ मध्ये आणि न्यू जर्सीने १९९९ मध्ये असेच कायदे केले. न्यू जर्सीत तर दर दंडामागे एक डॉलर या कामासाठी बाजूला पडतो. एडिसनच्या माझ्या नणंदेला हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मग एखादी प्रयोगशाळा तुझ्या भावोजींच्या नावाने असायला हवी."

(याच केंटकीने १९९८ मध्ये मोठ्या माणसांसाठी हेल्मेटची सक्ती काढून टाकली. एकवीस वर्षांवरचा माणूस इथे मोटरसायकलवर उघड्या डोक्याने खुशाल फिरू शकतो. एका हाताने निधी उभारायचा आणि दुसऱ्या हाताने पेशंट पुरवायचे, हे मला काही अजून समजलेलं नाही.)

या निधीतर्फे मे महिन्यात एक वैज्ञानिक परिषद भरते. डर्बीच्या टोप्या कपाटात गेल्या की गावात हे शास्त्रज्ञ येतात. मी तिथे काय करत होते? माझं एम.ए. मराठीचं, शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवला. चेतापेशीची आकृती काढायला आमच्याकडे विज्ञानाच्या बाई वेगळ्या होत्या. पण आपल्या गणपतीला येणारी, पाच वाट्या आमटी पिणारी सांगलीकडची एक मुलगी आहे, ती इथे पीएच.डी. करते. तिचं पोस्टर लागणार होतं. ती म्हणाली, "ताई, तुमच्या दादांबद्दल तुम्ही मला सारखं विचारता. एकदा तुम्हीच या आणि विचारा." म्हणून गेले.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. इस्लामपूरजवळच्या गावात राहतो. अडीच वर्षांपूर्वी गळीत हंगामात रात्रीच्या वेळी मोटरसायकलवरून घरी येत असताना तो उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. आमच्या भागात हे वाक्य दर हंगामाला कोणाच्या ना कोणाच्या घरी उच्चारलं जातं. दादाच्या पाठीचा मणका मोडला. बेंबीच्या खाली त्याला आज काही कळत नाही. चिमटा नाही, ऊन नाही, लघवीला लागलेलं नाही. वय एकोणचाळीस. दोन मुलं, वहिनी, मामा-मामी, एक एकर दहा गुंठे जमीन आणि पंपाच्या मोटारी भरायचं छोटं दुकान.

आता त्या हॉलमधलं सांगते. आपल्या परंपरेत मणका हा जपमाळेचाही असतो आणि पाठीचाही. एकात एक ओवलेले मणी आणि मधून जाणारी दोरी. मज्जारज्जू हा शब्द ज्याने केला त्याला मी मनोमन नमस्कार केला, कारण तिथल्या पहिल्याच भाषणात पडद्यावर जे दिसलं ते खरोखर दोरीसारखं होतं. साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, बोटाएवढी जाड. मोठ्या माणसात ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. तिच्यातून एकतीस जोड्या नसा बाहेर पडतात. मानेत मार बसला तर हात आणि पाय दोन्ही जातात, अगदी वर बसला तर श्वासही जातो; पाठीत बसला तर पाय जातात. अमेरिकेत दर वर्षी साधारण अठरा हजार माणसांना अशी दुखापत होते.

मला नवीन कळलेली गोष्ट पुढची. आपण समजतो की दोरी तुटते. बहुतेक वेळा ती तुटत नाही, चेचली जाते. आणि चेचली गेल्यानंतर पहिल्या काही तासांत, दिवसांत जे घडतं ते मूळ आघाताइतकंच घातक असतं. सूज येते, रक्तपुरवठा बिघडतो, मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेली रसायनं शेजारच्या धडधाकट पेशींना मारतात. गोठ्यात एका पेंढीला लागलेली आग जशी शेजारच्या गंजीला धरते तसं. मेंदूलाही मार बसल्यावर हेच होतं. म्हणून तर दोन्ही विषय एकाच परिषदेत. लेक्झिंग्टनच्या लोकांचं बरंच काम पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीची चूल जी असते तिच्यावर चाललं आहे: ही चूल विझू दिली नाही तर आग किती आवरेल?

ही आग विझवायची म्हणून काय काय झालं, त्याचा इतिहास फार शिकवण्यासारखा आहे. इतिहासाची बाई असल्यामुळे मी तिथेच जास्त रमले. १९९० मध्ये एका मोठ्या अमेरिकन चाचणीचा निकाल आला की मार बसल्यापासून आठ तासांच्या आत मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत दिलं तर थोडा फायदा होतो. लगोलग ते जगभर दिलं जाऊ लागलं. मग त्या आकडेमोडीवर वाद सुरू झाले, जंतुसंसर्ग आणि पोटातला रक्तस्राव दिसू लागला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेंदूशल्यचिकित्सकांच्या संघटनांनी मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिलं की हे देऊ नका. सगळ्यांचं एकमत अजूनही नाही. काही तज्ज्ञ आठ तासांत एक पर्याय म्हणून ते ठेवतात. पण 'संजीवनी होती आणि आम्हाला मिळाली नाही' असं म्हणण्यासारखं ते औषध नाही, हे नक्की.

हे मी इतकं लांबवून का सांगते आहे? कारण माझ्या मामी गेली अडीच वर्षं एकच हिशेब करत बसल्या आहेत. रात्री साडेनऊला अपघात. जीप मिळायला एक तास. पहिल्या दवाखान्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून मिरजेला. पहाट झाली. कोणी तरी शहाण्या पाहुण्याने त्यांना सांगून ठेवलं, आठ तासांच्या आत ते इंजेक्शन पडलं असतं तर पोरगा उभा राहिला असता. या वाक्याने त्या बाईची झोप गेली. मी परिषदेहून आल्यावर सर्वात आधी त्यांना फोन केला. त्या ऐकत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "हे तिथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय? छापलंय?" छापलंय, म्हटलं. त्यावर बराच वेळ फोनवर फक्त मागच्या गिरणीचा आवाज येत होता.

मेंदूच्या बाबतीत तर याहून कठोर गोष्ट घडली. डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड देण्याची पद्धत तीस-एक वर्षं चालू होती, सूज उतरेल या समजुतीने. शेवटी जगभरच्या दवाखान्यांत मिळून १०,००८ माणसांवर चाचणी झाली आणि २००४ मध्ये तिचा निकाल आला. दोन आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे भल्या डॉक्टरांनी भल्या हेतूने दिलेल्या औषधाने माणसं जास्त मरत होती, आणि मोजेपर्यंत कोणाला कळलं नव्हतं. पुढे प्रोजेस्टेरॉनवर लोकांनी आशा बांधली, कारण जनावरांत ते उत्तम चाललं होतं. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी ती आशाही मोडली. यश अगदीच नाही असं नव्हे. रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे जुनं, स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिलं तर डोक्याला सौम्य ते मध्यम मार असलेल्यांचे मृत्यू कमी होतात, हे २०१९ मध्ये बारा हजारांहून जास्त माणसांच्या चाचणीत दिसलं. पण अशी पानं थोडी.

मग मी पोस्टरांकडे वळले. आपल्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आठवा. फक्त थर्मोकोलचा ज्वालामुखी नाही आणि शिक्षणाधिकाऱ्यांची वाट बघणं नाही. प्रत्येक पोस्टरपाशी एक पोरगं घसा कोरडा करत उभं. आमच्या सांगलीच्या कन्येचं पोस्टर उंदरांवर होतं. उंदीर म्हणजे घुशीएवढे मोठे, पांढरे. त्यांना भूल देऊन एका यंत्राने मज्जारज्जूवर नेमक्या मोजलेल्या जोराचा आघात करतात, म्हणजे प्रत्येक उंदराला सारखीच दुखापत होते. असं एक यंत्र आपल्या लेक्झिंग्टनमध्येच तयार झालं आणि आता ठिकठिकाणी वापरतात. ऐकून अंगावर काटा येतो. तिच्याही येत असावा. ती या भागावर घाईने बोलली.

यानंतर त्या उंदराची परीक्षा. आणि इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. परीक्षेला एकवीस गुण असतात. ही पद्धत १९९५ मध्ये ओहायो स्टेटच्या तीन शास्त्रज्ञांनी बसवली. उंदराला मोकळ्या रिंगणात चार मिनिटं सोडायचं आणि दोन परीक्षकांनी बघायचं. मागचा पाय मुळीच हलत नाही, शून्य. सांधे हलतात पण वजन घेत नाही, थोडे गुण. पाऊल टेकतं, वजन घेतो, पुढचे-मागचे पाय मेळात पडतात, शेपटी वर असते, असं करत करत एकवीस. कोणत्या उंदराला औषध दिलं आणि कोणाला नुसतं मिठाचं पाणी, हे परीक्षकांना सांगत नाहीत. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक का असतो, तेच कारण! बारा वर्षांपूर्वी मी दहावीचे पेपर तपासले आहेत. ओळखीचं अक्षर दिसलं की हात कसा सैल होतो हे मला कोणी सांगायला नको.

मी तिला विचारलं, "तुझा उंदीर किती गुणांनी पास झाला?" ती म्हणाली, औषध घेतलेल्यांना सरासरी दोन-एक गुण जास्त. मी म्हटलं, मग दादा? ती गप्प झाली. तिच्या शेजारी उभे असलेले एक वयस्क प्राध्यापक मदतीला आले. उंदराची मज्जारज्जू काही सेंटिमीटरची, तिच्यात पाय चालवायची बरीचशी व्यवस्था खालच्या खालीच असते; माणसाचं चालणं मेंदूवर जास्त अवलंबून. उंदराला औषध अर्ध्या तासात मिळतं, माणसाला मिरजेला पोचेपर्यंत पहाट होते (हे अर्थात माझं). उंदीर सगळे एका वयाचे, एका जातीचे. माणूस एक मधुमेही, दुसरा सत्तरीचा. शिवाय हे सगळं ताज्या दुखापतीबद्दल. अडीच वर्षांनंतर तिथे व्रण तयार झालेला असतो, पोकळी असते. तो प्रश्नच वेगळा.

त्या वेगळ्या प्रश्नालाही इतिहास आहे. स्पेनचे रामोन इ काहाल, १९०६ चे नोबेलवाले, यांनी सूक्ष्मदर्शकातून आयुष्यभर बघून सांगितलं की मोठ्या झालेल्या मेंदू-मज्जारज्जूतले तंतू एकदा तुटले की पुन्हा वाढत नाहीत. हे वाक्य दोन पिढ्या शिलालेखासारखं राहिलं. मग १९८१ मध्ये माँट्रियलच्या अल्बर्ट अग्वायो यांनी दाखवलं की हाता-पायातल्या नसेचा तुकडा पुलासारखा जोडून दिला तर याच तंतूंना त्यातून वाढता येतं, आणि तेही चांगलं लांब. म्हणजे दोष बियाण्यात नाही, जमिनीत आहे. ज्यूरिखच्या मार्टिन श्वाब यांनी त्या जमिनीतला वाढ अडवणारा पदार्थ शोधला, त्याला नोगो असं नाव पडलं, आणि त्याला अडवणारी प्रतिपिंडं माणसांना देऊन झाली. त्या चाचणीत सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. ज्यांची दुखापत अपुरी होती त्यांच्यात काही आशा दिसली. चाळीस वर्षांच्या कामाचं फळ एवढं. हे ऐकताना सभागृहात कोणी हळहळलंसुद्धा नाही. मान डोलावून सगळे पुढच्या चित्राकडे वळले. ही माणसं कोणत्या मातीची असतात?

लुईव्हिलचं नाव मात्र जगात झालं ते दुसऱ्या वाटेने. सुझन हार्केमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुखापत भरून काढायचा नाद सोडला आणि तिच्याखालच्या शाबूत भागाकडे लक्ष दिलं. रॉब समर्स हा ओरेगॉनचा बेसबॉलपटू. २००६ मध्ये गाडीने उडवलं, छातीखालचं शरीर गेलं. २००९ च्या अखेरीस इथे त्याच्या मज्जारज्जूच्या आवरणावर सोळा विद्युतअग्रांची पट्टी बसवली. यंत्र नवीन नव्हतं, पाठदुखीसाठी बाजारात होतंच. विजेचा हलका प्रवाह सुरू केल्यावर तो स्वतःच्या पायांवर वजन घेऊन उभा राहिला. २०११ च्या मेमध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. २०१८ मध्ये अशाच चौघांपैकी दोघं वॉकर धरून जमिनीवर चालले. एकाला त्यासाठी पंच्याऐंशी आठवड्यांत २७८ वेळा सराव करावा लागला, दुसऱ्याला पंधरा आठवड्यांत ८१ वेळा. आणि सरावात एकाचं खुब्याचं हाड मोडलं. व्हिडिओमध्ये चालणं दिसतं, २७८ दिसत नाही. प्रवाह बंद केला की बहुतेक सगळं पुन्हा थांबतं हेही दिसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने शस्त्रक्रियेशिवाय नुसत्या मानेच्या त्वचेवरून प्रवाह देणाऱ्या एका यंत्राला परवानगी दिली. ते हातांसाठी आहे, बोटांत जोर यावा म्हणून.

हातांसाठी? मला आधी नवल वाटलं. आपल्याला सिनेमात व्हीलचेअरवरून उठून चालणारा माणूस बघायची सवय. पण २००४ मध्ये किम अँडरसन या संशोधक बाईंनी, ज्या स्वतः या दुखापतीसह जगतात, ६८१ जणांना विचारलं होतं: तुमचं काय परत आलं तर तुमचं जगणं सर्वात जास्त सुधारेल? ज्यांचे हात-पाय दोन्ही गेले होते, त्यांनी पहिला क्रमांक हातांना दिला. ज्यांचे फक्त पाय गेले होते, त्यांनी पहिला क्रमांक दिला वैवाहिक सुखाला. हो, दिवाळी अंकात लिहिते आहे. आजींनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण सुनांनी गाळू नये. लघवी आणि शौच यांवरचा ताबा दोन्ही गटांत वर होता. चालणं पहिलं नव्हतं. हे वाचल्यावर मला वहिनीची आठवण झाली. अडीच वर्षांत दादाला भेटायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने "पाय हलतो का?" एवढंच विचारलं आहे. वहिनीला कोणीही काही विचारलेलं नाही.

लेक्झिंग्टनचे प्राध्यापक अलेक्झांडर रॅबचेव्हस्की मोटरसायकलच्या अपघातानंतर व्हीलचेअर वापरतात आणि मज्जारज्जूवर संशोधन करतात. या क्षेत्रात असे आणखी लोक आहेत. मला वाटतं, अशी माणसं टेबलाच्या त्या बाजूला बसली की प्रश्न बदलतात. घरची माणसं, वहिनीसारखी, मात्र अजून कुठल्याच बाजूला बसलेली दिसली नाहीत.

आता माझा खरा प्रश्न, ज्यासाठी मी गेले होते. एका मोठ्या शहरातल्या केंद्राने मामांना सांगितलं होतं की दादाच्याच कमरेच्या हाडातून मूळ पेशी काढून पाठीत सोडू. तीन खेपा, साडेसहा लाख. मामांनी तीस गुंठ्यांचं गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. मी घाबरत घाबरत त्या वयस्क प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी ना नाक मुरडलं ना भाषण दिलं. म्हणाले, तीन प्रश्न विचारा. ही चाचणी कुठे नोंदवलेली आहे? आधीच्या रुग्णांचे निकाल कुठे छापलेत? आणि पैसे का मागता? कारण चाचणी असेल तर ती रुग्णाकडून पैसे घेत नाही. मूळ पेशींवर खरं काम चालू आहेच. ऑक्टोबर २०१० मध्ये अटलांटात पहिल्या माणसाला अशा पेशी दिल्या गेल्या; वर्षभरात कंपनीने पैशाअभावी ते थांबवलं. काळजीने, हळूहळू, थोड्या माणसांवर ते काम पुढे चाललं आहे. पण विकण्यासारखं अजून काही हातात नाही. त्यांनी एक उदाहरण सांगितलं, मी नंतर शोधून वाचलं: एका तरुणीने परदेशात जाऊन स्वतःच्या नाकातल्या पेशी पाठीत बसवून घेतल्या. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली म्हणून उघडली, तर तिथे नाकाच्या आतल्यासारखी गाठ वाढलेली आणि ती चिकट स्राव सोडत होती. २०१४ मध्ये ते नोंदवलं गेलं.

आपल्या देशातले नियम याबाबत चांगले आहेत हे मला इथे येऊन कळलं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे मूळ पेशींचा उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. एरवी तो गैरव्यवहार. आणि चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावीच लागते. ती नोंदवही कोणालाही बघता येते. मामांना मी फोनवर हे सांगितलं. ते पेन घेऊन बसले होते. आठवड्याने त्यांनी त्या केंद्राला नोंदणी क्रमांक विचारला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं उत्तर तीनदा मिळालं. मामा चिडले नाहीत. "गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो," एवढंच म्हणाले, आणि मग माझ्यावर चिडले: "म्हणजे तिथे जाऊन तू 'काही नाही' एवढंच घेऊन आलीस."

तसं नव्हतं, पण त्या वेळी मी बोलले नाही. कारण त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एका नर्सबाईंनी मला जे सांगितलं ते साडेसहा लाखांपेक्षा जास्त कामाचं होतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाठीच्या दुखापतीचे बहुतेक रुग्ण झोपून झोपून पडलेल्या जखमांनी आणि मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गाने मरत. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन या निर्वासित डॉक्टरांनी दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा, असा नियम घातला आणि माणसं जगू लागली. मग ती नुसती पडून का राहतील म्हणून त्यांनी १९४८ मध्ये सोळा जणांचा धनुर्विद्येचा सामना भरवला. त्यातून पॅरालिम्पिक उभं राहिलं. आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्याच स्पर्धेत भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं ते मुरलीकांत पेटकरांनी, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालून लुळे झालेल्या जवानाने. ते आमच्याच तालुक्यातले, पेठचे. गावात त्यांच्यावरचा सिनेमा दादाला उचलून नेऊन दाखवला गेला. घरी आल्यावर तो म्हणाला, "आता सगळे मला पोहायला लावतील."

तर वहिनीला मी जे पाठवलं ते असं: दर दोन तासांनी कूस, खुर्चीत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार घेऊन उचकायचं, कायमची नळी ठेवण्यापेक्षा दिवसातून चार-पाचदा स्वच्छ नळी घालून लघवी काढायची, आणि ती दादाने स्वतः शिकायची, कारण त्याचे हात शाबूत आहेत, आरशाने रोज पाठ बघायची. तिने उत्तर लिहिलं, "शेवटचं सोडून सगळं मी करतेच. नळीचं त्यांना तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत." डिसेंबरात जाताना माझ्या दोन बॅगांपैकी एकीत हवेच्या कप्प्यांची खुर्चीवरची गादी जाणार आहे. बदाम-पिस्ते यंदा कोणाला मिळणार नाहीत, आधीच सांगून ठेवते.

नळीचं सांगायला मी दादाला फोन केला. तो मोटर उघडून बसला होता. मोटारी भरणाऱ्या माणसाला मज्जारज्जू समजावणं सोपं जातं: बोटाएवढी केबल, आत लाखो वायरी, एकीलाही रंग नाही, आणि जॉइंट मारायचा. "मग नाहीच व्हायचं," तो सहज म्हणाला. त्याला उंदरांमध्येच जास्त रस होता. त्यांना लघवीचं कळत नसेल ना, मग त्यांचं कोण बघतं? मी सांगितलं, आपली सांगलीची पोरगी बघते. दुखापतीनंतर दिवसातून दोन-तीनदा एकेक उंदीर हातात घेऊन, पोट हलकेच दाबून त्याची लघवी काढावी लागते. रविवार नाही, दिवाळी नाही. मागच्या लक्ष्मीपूजनाला ती आपल्या कार्यक्रमातून जेवण अर्धं टाकून गेली होती ती त्यासाठीच.

"आणि आपोआप कधी व्हायला लागते त्यांना?"

"होते म्हणे दोनेक आठवड्यांत."

दादाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. "दोन आठवडे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "त्या पोरीला म्हणावं हात गार असतील तर आधी चोळून घे. गार हात लागला की फार आखडतं सगळं. हे उंदराला सांगता येत नसणार." आणि मग हाक मारली, "अगं, ती नळी कशी घालायची म्हणते ही, जरा ये इकडे."